कधी डिस्प्ले येतो, कधी येत नाही: डेस्कटॉप कसा तपासायचा

बटण दाबलं की पंखे फिरतात, कॅबिनेटवरचा दिवा लागतो, मॉनिटर मात्र काळाच. बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं ठीक. मग चार दिवस काही तक्रार नाही आणि पुन्हा एका सकाळी तेच. घरोघरी, शाळांमध्ये, छोट्या ऑफिसांत हा बिघाड महिनोन्‌महिने सहन केला जातो, कारण दुसऱ्यांदा बटण दाबलं की काम निघतं.

पूर्ण बंद पडलेलं मशीन दुरुस्त करणं त्यामानाने सोपं. भाग बदलला, चालू झालं, उत्तर मिळालं. इथे तसं होत नाही. तुम्ही काहीही हलवलं, काढून लावलं, तरी पुढच्या वेळी डिस्प्ले येण्याची शक्यता भरपूर असते, कारण तो तसाही बहुतेक वेळा येतच होता. त्यामुळे ‘रॅम पुसून लावली आणि चालू झालं’ यावरून दोष रॅमचा (तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीचा) होता हे सिद्ध होत नाही. याच घाईत लोक आधी मॉनिटर बदलतात, मग ग्राफिक कार्ड (चित्र तयार करणारा भाग), मग मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), आणि दोष शेवटी एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात निघतो.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या धरा. एका वेळी एकच बदल करायचा. आणि तो बदल केल्यावर ज्या परिस्थितीत बिघाड होत होता त्याच परिस्थितीत मशीन बऱ्याच वेळा चालू करून बघायचं. सकाळी पहिल्यांदा चालू करताना डिस्प्ले येत नसेल, तर दुपारी पाच वेळा रीस्टार्ट करून बघण्याला काही अर्थ नाही. आठवडाभराच्या सकाळी बघाव्या लागतील.

सुरुवात करण्याआधी, मशीन चालू होतंय तोवर महत्त्वाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवा. डिस्प्ले न आल्याने डेटा जात नाही. पण चित्र दिसत नाही म्हणून आपण पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करतो, आणि त्या वेळी आत विंडोज सुरू असेल तर फायली खराब होऊ शकतात.

पडदा काळा आहे, पण मशीन जिवंत आहे का?

पुढच्या वेळी पडदा काळा राहिला की लगेच बंद करू नका. दोन मिनिटं थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला, तर आत प्रोसेसर काम करतोय आणि मशीन पुढे गेलंय. नुसता दिवा लागलेला असणं पुरेसं नाही, तो तुमच्या दाबण्याबरोबर बदलला पाहिजे. स्पीकर जोडलेला असेल तर विंडोज सुरू झाल्याचा आवाज येतो का तेही ऐका.

दुसरी खूण पॉवर बटणाची. ते एकदाच, दाबून न धरता, टिचकीसारखं दाबा. मशीन तत्क्षणी बंद पडलं तर ते विंडोजपर्यंत पोहोचलंच नव्हतं. थोडा वेळ घेऊन, डिस्कचा दिवा लुकलुकत सावकाश बंद झालं, तर विंडोज पूर्ण सुरू होतं आणि फक्त चित्र तुमच्यापर्यंत येत नव्हतं. ही चाचणी फुकट आहे, दहा सेकंदांची आहे आणि अर्धा तपास तिथेच होतो.

आता मॉनिटरकडे बघा. ‘नो सिग्नल’ अशी पाटी येत असेल तर मॉनिटर स्वतः चालू आहे, त्याला चित्र मिळत नाही. काहीच दिसत नसेल पण मॉनिटरचा दिवा चालू स्थितीचा असेल, तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. अंधूक अक्षरं किंवा आयकॉन दिसले तर मागची बॅकलाइट गेली आहे, कॅबिनेटला हात लावायची गरजच नाही.

एवढ्यावरून तुमचा बिघाड तीनपैकी एका गटात बसतो. मशीन जिवंत पण चित्र नाही: केबल, मॉनिटर, पोर्ट, क्वचित ग्राफिक कार्ड. मशीन अडकलेलं, कीबोर्ड निर्जीव: रॅम, मदरबोर्डवरचा सेल, एसएमपीएस, कार्ड किंवा मदरबोर्ड. सुरुवातीचा लोगो दिसतो आणि विंडोज येताना पडदा काळा होतो: बहुधा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर.

वही ठेवा

मशीनशेजारी एक कागद ठेवा आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, त्याआधी मशीन किती वेळ बंद होतं, भिंतीवरचा स्विच रात्री बंद केला होता का, आणि वरच्या चाचण्यांमध्ये काय दिसलं. आठ-दहा नोंदी झाल्या की बहुधा त्यातून काहीतरी उलगडायला लागतं.

रात्रभर बंद राहिलेलं मशीनच फक्त त्रास देत असेल आणि एकदा गरम झाल्यावर दिवसभर कितीही वेळा चालू-बंद केलं तरी ठीक असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर. भिंतीवरचा स्विच बंद केल्यावरच त्रास होत असेल आणि सोबत तारीख-वेळही चुकत असेल, तर मदरबोर्डचा सेल. गरम असो वा थंड, केव्हाही होत असेल, तर रॅम किंवा कार्डाची जोडणी. टेबल हलवल्यावर, झाडलोट केल्यावर होत असेल, तर केबल. हे ठोकताळे आहेत, निकाल नाहीत. पण कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरतं.

बाहेरून तपासणी: केबल आणि मॉनिटर

केबल दोन्ही टोकांना काढून नीट बसवा. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा आणि आतली एखादी पिन वाकलेली आहे का बघा. त्याआधी मात्र मॉनिटर आणि कॅबिनेट दोन्हींचे प्लग काढा. आपल्याकडे कितीतरी घरांत अर्थिंग नीट नसतं. अशा ठिकाणी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि मशीन चालू असताना एचडीएमआय खुपसली तर पोर्ट जळू शकतं. झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणं हे या यादीतलं सर्वांत आधीचं काम समजा.

केबल कुठल्या पोर्टात लावली आहे? वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल त्याच्याच पोर्टात हवी, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टात नाही. घर बदलल्यावर किंवा साफसफाईनंतर हे हमखास उलटसुलट होतं. तसंच मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट ‘ऑटो’वर न ठेवता एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट जे वापरता ते ठरवून द्या. काही मॉनिटर सिग्नल शोधत फिरतात, मिळाला नाही की झोपतात आणि मग लवकर उठत नाहीत. मेनूत ‘डीप स्लीप’ असा पर्याय असेल तर तो बंद करा.

एचडीएमआयवरून व्हीजीएला जाणारा छोटा कन्व्हर्टर वापरत असाल तर तोच पहिला संशयित. तो एचडीएमआय पोर्टातून मिळणाऱ्या तुटपुंज्या ५ व्होल्टच्या विजेवर चालतो आणि स्वस्तातले कन्व्हर्टर कधी जागे होतात, कधी नाही. शक्य असेल तर सरळ एचडीएमआय केबलने जोडून आठवडाभर बघा.

डिस्प्लेपोर्टची एक खास गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. या जोडणीत २० क्रमांकाची पिन ३.३ व्होल्ट विजेची असते, आणि नियमाप्रमाणे बनवलेल्या साध्या केबलमध्ये ती दोन टोकांना जोडलेली नसते. काही हलक्या केबलमध्ये ती जोडलेली असते. मग कॅबिनेट बंद असतानाही मॉनिटरकडून उलटी वीज ग्राफिक कार्डात शिरते आणि चालू करताना मशीन अडखळतं. ओळखायची रीत सोपी: मशीन चालू होत नसेल तेव्हा प्लग काढून ती केबल उपसा, मशीन केबलशिवाय चालू करा आणि मिनिटभराने केबल लावा (अर्थिंग नीट असेल तरच). एवढ्याने दरवेळी चित्र येत असेल तर केबल बदला. ‘व्हेसा प्रमाणित’ असं लिहिलेली घ्या; व्हेसा ही डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणारी संस्था.

एनव्हिडियाची मॅक्सवेल किंवा पास्कल पिढीची कार्डं, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका, डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ च्या मॉनिटरला जोडली की विंडोज येईपर्यंत पडदा काळा राहण्याचा दोष होता. त्यासाठी कंपनीने २०१८ मध्ये फर्मवेअर (कार्डातच बसवलेलं सॉफ्टवेअर) अपडेट दिलं. लक्षणं तंतोतंत जुळत असतील तर ते एनव्हिडियाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

कॅबिनेट उघडल्यावर

प्लग पूर्ण काढा. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. गालिच्यावर बसून काम करू नका. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज भागांत जाणार नाही. आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे होती ते नंतर आठवत नाही.

पहिली रॅम. दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडा (काही बोर्डांवर एकच क्लिप हलते) आणि पट्टी कडेने धरून वर काढा. खालचे सोनेरी संपर्क बघा. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांवर पातळ, मळकट थर चढतो, आणि बराच काळ बंद राहिलेल्या मशीनमध्ये तर नक्कीच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ सुती कापडावर घेऊन हलकेच पुसा. ते नसेल तर पांढरं खोडरबर चालतं, पण दोन-तीन हलके फटकारे पुरे, घासत बसू नका. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. रबराचा भुगा कोरड्या ब्रशने झटका, तो स्लॉटमध्ये पडला तर नवा बिघाड. संपर्कांना बोट लावू नका, घामातले क्षार तिथेच चिकटतात.

परत बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. क्लिप आपोआप ‘टक्’ करून बसली पाहिजे. ती तुम्हाला बोटाने ढकलून बसवावी लागत असेल तर पट्टी पूर्ण आत गेलेली नाही.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून काही दिवस वापरा, मग दुसरी. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकच पट्टी प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते. तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत नक्की काय ते बघा. एका पट्टीने बिघाड बंद झाला आणि दुसरीने परत आला, तर दोषी सापडली. दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये ठीक आणि दुसऱ्यात नाही, तर स्लॉट दोषी.

रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्या सॉफ्टवेअरमध्ये) चालू असेल तर ती बंद करून बघा. दिवसभर तक्रार न करणारी रॅम थंडगार मशीनमध्ये त्या वेगावर जुळत नाही, असं बरेचदा होतं. आणि मशीन नवं, डीडीआर ५ रॅमचं असेल, विशेषतः एएमडीच्या एएम ५ सॉकेटवरचं (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा), तर रॅम बदलल्यावर किंवा बायोस अपडेट केल्यावर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळा राहणं हा बिघाड नाही. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून मध्येच वीज बंद केली तर ते सगळं पहिल्यापासून.

मशीन सुरू होताना बोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि कुठे अडलं ते सांगतो, ऐकायची सोय हवी एवढंच. नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक), बूट (विंडोज असलेली डिस्क) अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. पडदा काळा असताना त्यातला जो लागून राहतो तिथे मशीन अडलंय. दिवे नसतील तर मदरबोर्डवर जोडायचा छोटा बझर बाजारात अगदी किरकोळ किमतीत मिळतो. एक आखूड बीप म्हणजे सहसा सगळं ठीक. बायोस बनवणाऱ्या कंपन्यांनुसार बीप बदलतात: अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक कार्डाची तक्रार, एएमआयमध्ये ८ आखूड बीप म्हणजे तीच. एकही बीप नाही आणि एकही दिवा नाही, तर बोर्डाला नीट वीज मिळत नाही किंवा बोर्डच गेलाय.

मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल सीआर २०३२ नावाने घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो ३ व्होल्टचा असतो, मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरवर) २.८ च्या खाली आला तर बदला. तो संपला की वीज गेल्यावर बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात आणि बोर्ड मूळ सेटिंगवर जातो. काही मशीनवर त्यामुळे चित्र भलत्याच पोर्टातून जातं, तर जुन्या कार्डाला लागणारी सीएसएम सेटिंग बंद होऊन पडदा काळा राहतो. सेल बदलल्यावर तारीख आणि या सेटिंग पुन्हा करायला विसरू नका.

एसएमपीएस: सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग

पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस चांगला, ही समजूत मनातून काढून टाका. पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात आणि ते थोडे कमी-जास्त झाले तरी तो फिरतो. प्रोसेसर आणि रॅमचं तसं नाही.

एसएमपीएस चालू झाला की सगळे व्होल्टेज स्थिर होईपर्यंत तो थांबतो आणि मग करड्या वायरीवरून मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत हा इशारा यायला हवा. तो आल्याशिवाय प्रोसेसर कामाला लागत नाही. आतले कपॅसिटर (वीज साठवून ती स्थिर ठेवणारे भाग) जुने झाले, त्यांतला द्रव सुकत गेला, की वीज स्थिर व्हायला वेळ लागतो किंवा तिच्यात चढउतार राहतात. थंडीत हा दोष जास्त जाणवतो, कारण द्रव थंड असताना कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. पहिल्या फेरीत ते थोडे गरम होतात आणि दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर मशीन चालू होतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुण्याकडे सकाळी सकाळी तक्रार वाढत असेल आणि उन्हाळ्यात गायब होत असेल, तर कारण बहुधा हेच.

मल्टिमीटर असेल तर चार पिनांच्या जुन्या हार्ड डिस्क प्लगवर मोजा: काळी आणि पिवळी वायर यांत १२ व्होल्ट, काळी आणि लाल यांत ५. पाच टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. याबाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदलाच. आकडा बरोबर आला म्हणून मात्र तो निर्दोष ठरत नाही, कारण मीटर सरासरी दाखवतो, क्षणभराचा चढउतार त्याला दिसत नाही. खरी परीक्षा म्हणजे ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस आणून आठवडाभर लावणं.

एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा वीजदाब काही काळ टिकतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर मात्र बघता येतात. प्रोसेसरभोवतीच्या उभ्या नळकांड्यांचे माथे सपाट हवेत. एखादा फुगला असेल किंवा त्याच्या डोक्यावर तपकिरी चिकट डाग असेल तर तो गेला. साधारण २००० ते २००७ या काळातल्या बोर्डांमध्ये निकृष्ट कपॅसिटर जगभर गाजले होते. अशी मशीन अजून काही शाळांच्या संगणक खोल्यांत सापडतात.

ग्राफिक कार्ड आणि विंडोज

कार्ड काढून केबल मदरबोर्डच्या पोर्टात लावा आणि तसंच काही दिवस चालवा. बिघाड थांबला तर कार्ड, त्याचा स्लॉट किंवा त्याला लागणारी वीज यांपैकी काहीतरी. पण आधी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते बघा. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या आणि एएमडीच्या रायझन ५००० पर्यंतच्या, नावाच्या शेवटी ‘जी’ नसलेल्या बहुतेक प्रोसेसरांत ते नसतं, मग कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार. कार्ड परत लावताना स्लॉटची क्लिप बसली का, मागचा स्क्रू आवळला का, आणि ६ किंवा ८ पिनांची वीजजोडणी पूर्ण आत गेली का हे बघा. जड कार्ड एका बाजूने लोंबत असेल तर खालून आधार द्या.

लोगो दिसून मग पडदा काळा होत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. ग्राफिक ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, आणि चित्र आलं तर दोष ड्रायव्हरचा. मग सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू होतं त्या अवस्थेत) जाऊन जुना ड्रायव्हर काढा आणि कंपनीचा नवा टाका. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धं झोपतं आणि ड्रायव्हरचा घोळ दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहतो. ते बंद केल्याचा आणखी एक उपयोग: इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टिम नोंदींमध्ये ६००५ क्रमांकाची नोंद विंडोज सुरू झाल्याची असते. पडदा काळा होता त्या वेळेची अशी नोंद सापडली, तर मशीन आतून सुरू होतं हे पक्कं.

दुकानात नेताना

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर दोष बहुधा मदरबोर्डचा, आणि तिथे जाणकार माणूस हवा. तोंडी ‘डिस्प्ले येत नाही’ एवढंच सांगू नका, कारण दुकानात नेमका तो येतो आणि मशीन तसंच परत मिळतं. वहीतल्या नोंदींचा फोटो द्या. कुठले भाग बदलून बघितले तेही लिहून द्या. मदरबोर्ड बदलायला सांगितलं तर आधी दुकानातला दुसरा एसएमपीएस आणि दुसरी रॅम लावून तपासलं का, हे विचारा. विचारण्यात संकोच नको, प्रामाणिक कारागीर हे स्वतःहून करतोच. आणि मशीन देतानाच सांगून ठेवा की दोनदा चालू करून दाखवणं पुरणार नाही: रात्रभर प्लग काढून ठेवायचा आणि सकाळी तुमच्यासमोर पहिल्यांदा बटण दाबायचं.